मोडीत काढण्यापूर्वी

‘जुने ते सोने’ ही म्हण संगणकाच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. रॅमच्या पट्टीला खालच्या कडेने जे पिवळे दात दिसतात, त्यांवर खऱ्या सोन्याचा मुलामा असतो. दिल्लीतील सीलमपूरसारख्या वस्त्यांत हे सोने सोडवून घेण्यासाठी संगणकाचे बोर्ड आम्लात बुडवतात, तारांतले तांबे मिळावे म्हणून त्या उघड्यावर जाळतात आणि त्या धुरात माणसे दिवसभर बसून असतात. हाती येते गुंजभर सोने आणि छातीत जाते त्याच्या कितीतरी पट विष. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे सहा कोटी वीस लाख टन विद्युत्-कचरा निर्माण झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुन्हा कामी आलेला वाटा चौथ्या हिश्शाहूनही कमी होता, असे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो.

हे सगळे आजच सांगण्याचे निमित्त आपल्या महाविद्यालयाच्या जिन्याखालच्या खोलीत आहे. संगणक प्रयोगशाळेतून काढलेले एकतीस संगणक (मी मोजले आहेत) तेथे एकावर एक रचून ठेवले आहेत. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे ‘निरुपयोगी’ असा शेरा पडलेला असून निर्लेखनाचे सोपस्कार पुरे झाले की ते वजनावर विकले जातील. माझे म्हणणे असे की ही विक्री थांबवावी आणि त्यांतले निदान वीस संगणक विद्यार्थ्यांना द्यावेत. कशासाठी? तर उघडण्यासाठी.

प्रथम तो ‘निरुपयोगी’ शब्द तपासू. ही यंत्रे २०१५-१६ साली घेतलेली आहेत. त्यांचे पंखे फिरतात, पडदे उजळतात. कळफलकावरची अक्षरे तेवढी पुसट झाली आहेत, आणि ती आपल्याच बोटांनी. मग यांना झाले काय? झाले इतकेच, की मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. पैसे भरून काही काळ मुदतवाढ मिळते, पण ती मुदतवाढच. पुढची आवृत्ती विंडोज ११. ती साधारणपणे २०१७ नंतरच्या प्रोसेसरांवर चालवण्यासच कंपनीची मान्यता आहे, शिवाय तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते. आपली यंत्रे या उंबरठ्याच्या एक-दोन पावले अलीकडे अडकली. विहिरीला पाणी आहे, परंतु नव्या रहाटाचे माप तिच्या तोंडाला बसत नाही. म्हणून आपण विहीर बुजवायला निघालो आहोत.

देखभाल थांबलेली प्रणाली तशीच चालवत राहा, असे मात्र मी म्हणणार नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारा संगणक इंटरनेटला जोडणे म्हणजे दाराला कडी न लावता गावाला जाणे होय. उपाय प्रणाली बदलण्याचा आहे, आणि तो फुकट आहे. लिनक्स हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना अभ्यासक्रमातल्या पाच गुणांच्या टीपेपुरते ठाऊक असते. वास्तविक आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी तेच असते, आणि जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवाचून चालणारा एकही संगणक नाही. एवढा मोठा पसारा असलेली ही वस्तू मुळात कुठून आली, हे मात्र टीपेत नसते.

ती एका विद्यार्थ्याच्या घरातून आली. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्सपाशी ३८६ जातीचा, ४ मेगाबाइट रॅमचा संगणक होता, तोही हप्त्यांवर घेतलेला. विद्यापीठाच्या संगणकाशी घरून फोनच्या तारेने संपर्क साधता यावा म्हणून त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. मग फायली साठवण्याची सोय हवी म्हणून त्यात भर घातली. भर घालता घालता त्याची कार्यप्रणाली होऊ लागली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी इतरांना तिची वार्ता देताना त्याने तिला निव्वळ छंद म्हटले होते. तोपर्यंत त्याचे रोजचे काम चाले ते अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेल्या मिनिक्स या प्रणालीवर. पुढे एकदा मोडेमला द्यायचा आदेश हार्ड डिस्कला गेला आणि मिनिक्सचा भाग पुसला गेला. पठ्ठ्याने मिनिक्स पुन्हा बसवले नाही. आपली अर्धीकच्ची प्रणालीच पुढे रेटली. १९९२ मध्ये त्याने ती रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाच्या मुक्त परवान्याखाली आणली आणि जगभरचे हात तिला लागले.

त्याच्या घरात ‘परवानगीशिवाय यंत्रास हात लावू नये’ अशी पाटी नव्हती. आपल्या प्रयोगशाळेत आहे. ती लावणाऱ्यांचा दोष नाही. महागड्या यंत्रांचा हिशेब ज्याला द्यायचा असतो, तो अशीच पाटी लावणार. पण परिणाम काय होतो पाहा. तीन वर्षे संगणकशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने संगणकाचे झाकण उघडलेले नसते, हार्ड डिस्कचे विभाग पाडलेले नसतात, यंत्र सुरूच झाले नाही तर त्याचा शोध कोणत्या टोकापासून घ्यावा हे त्याला ठाऊक नसते. नव्या यंत्राला हात लावू देणे परवडत नाही, हे मान्य. म्हणूनच जुने यंत्र मोलाचे. त्याची किंमत रजिस्टरात शून्य झालेली असते. ते बिघडले तर कोणाचेच काही बिघडत नाही. बिघडवण्याची ही मुभा विकत मिळत नाही, आणि आपण ती किलोच्या भावाने विकून टाकणार आहोत.

आपल्या गावाला तर हे सांगावे लागू नये. उद्यमबागेत जे कारागीर तयार झाले, ते काही यंत्राला लांबून नमस्कार करून झाले नाहीत. जुनी लेथ आणायची, सोडायची, तिचा झिजलेला भाग बदलायचा, पुन्हा जुळवायची आणि तिच्यावर चार वर्षे पोट भरायचे, ही रीत येथे घरोघर माहीत आहे. शहापूर-वडगावात माग बंद पडला की विणकर आधी स्वतः त्याच्याखाली शिरतो. त्यांची मुले-नातवंडे आज आपल्या वर्गात बसतात आणि संगणक ‘हँग’ झाला की हात जोडून बसून राहतात. हा फरक बुद्धीचा नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे लागते ते सांगतो, कारण पुष्कळांना हे काही अघोरी कर्म वाटते. माझ्या घरी तीन जुने संगणक आहेत. त्यांतला मुख्य कोअर टू ड्युओ जातीचा, म्हणजे बराच वृद्ध, २ गिगाबाइट रॅमचा. भंगारवाल्याकडून साडेनऊशे रुपयांना घेतलेला. पहिले काम धूळ काढण्याचे. हे विनोदाने म्हणत नाही. निम्म्या ‘मेलेल्या’ संगणकांचे दुखणे प्रोसेसरवरच्या पंख्यात साचलेली गादी हेच असते. प्रोसेसर आणि त्याच्या धातूच्या चौकटीमधला उष्णतावाहक लेप वाळून खडू झालेला असतो, तो पुसून नवा लावायचा. बोर्डावर एक रुपयाच्या नाण्यासारखी ३ व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की यंत्राला तारीख-वार आठवत नाही, आणि तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. लोक याला ‘इंटरनेट गेले’ म्हणतात. मग बोर्डावरचे उभे कपॅसिटर पाहायचे. कोणाचे डोके फुगले असेल तर तो गेला. विशेषतः २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांवर असे फुगलेले कपॅसिटर फार आढळतात, कारण त्या काळात सदोष कपॅसिटर बाजारात मोठ्या प्रमाणावर आले होते. डाग देण्याची कांडी हाती धरता येत असेल तर हे काम अर्ध्या तासाचे.

यानंतर रॅमची परीक्षा. मेमटेस्ट नावाचा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवून रात्रभर सोडायचा. तो स्मृतीच्या प्रत्येक घरात लिहितो, वाचतो आणि ताळा करतो. एक जरी चूक निघाली तरी ती पट्टी बाजूला. फिरती हार्ड डिस्क काढून त्या जागी लहानशी एसएसडी बसवली तर म्हाताऱ्या यंत्राला जी तरतरी येते ती पाहण्यासारखी असते. पैसे खर्च करायचेच असतील तर ते येथे करावेत. शेवटी प्रणाली. मी डेबियन वापरतो. १९९३ साली सुरू झालेला हा लिनक्सचा संच आजही स्वयंसेवकच चालवतात. त्यावर हलका पडदा, म्हणजे एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी, बसवावा. सगळे मिळून एक रविवार जातो. अपयश आले तर दोन रविवार.

येथे भाबड्या उत्साहाला थोडा आवर घालतो. प्रत्येक जुने यंत्र जगवण्यायोग्य नसते. पेंटियम ४ चा संगणक दिसला तर मी आता हात जोडतो. तो वीज खातो, शेगडीसारखा तापतो, आणि त्यांतले बहुतेक ३२ बिटांचे असल्यामुळे डेबियननेही ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय काढून घेतली आहे. त्याने आता खरोखर विश्रांती घ्यावी. दुसरे, ‘जुना संगणक म्हणजे काटकसर’ हे समीकरणही तपासून घ्यावे. ६० वॅट खाणारा संगणक घरच्या फायली ठेवण्यासाठी चोवीस तास चालवला तर महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात. तेच काम रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा बोर्ड साडेतीन-चार युनिटांत करतो. जुन्या यंत्राचा वापर लागेल तेव्हा चालू, एरवी बंद, असाच हवा. तिसरे, २ गिगाबाइट रॅमवर लिनक्स सुखाने चालते, पण आजची संकेतस्थळे नाहीत. ब्राउझरची चार पाने उघडली की धाप लागते. जिन्याखालच्या आपल्या यंत्रांत ४ गिगाबाइट आहे, त्यामुळे ती माझ्या यंत्राहून श्रीमंत म्हणायची! आणि हिशेबाचे जे ठरावीक सॉफ्टवेअर वाणिज्य शाखेला परीक्षेसाठी लागते ते या यंत्रांवर सरळपणे चालेलच, असे आश्वासन मी देणार नाही. तेवढ्यासाठी नवे संगणक आहेतच.

मग या जुन्या यंत्रांवर करायचे काय? एकच काम सांगतो. ते आपल्या या वार्षिकाचेच आहे.

वार्षिकाच्या मागील पंधरा-वीस वर्षांच्या अंकांच्या फायली सीडींवर आहेत. त्या आज उघडल्या तर मराठी विभागात आणि कन्नड विभागातही रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिखल दिसतो. कारण असे की त्या काळी छापखान्यांचे फाँट हे एक प्रकारचे सोंग असे. संगणकाच्या दृष्टीने फाइलमध्ये रोमन अक्षरच असायचे. फाँट त्या अक्षराच्या जागी काना, वेलांटी किंवा अर्धा म यांचे चित्र काढायचा. फाँट गेला की सोंग उतरते. या फायली युनिकोडमध्ये आणायच्या, तर प्रत्येक फाँटसाठी कोणत्या चिन्हामागे कोणते चित्र होते याचा तक्ता करावा लागतो. तेवढ्याने भागत नाही. ‘किती’ या शब्दातली पहिली वेलांटी डोळ्याला क च्या आधी दिसते, म्हणून जुन्या फाइलमध्ये ती आधी असते; युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी क, मग वेलांटी. ‘वर्ग’ मधला रफार उलट. डोळ्याला तो ग वर दिसतो म्हणून जुन्या फाइलमध्ये ग च्या नंतर, आणि युनिकोडमध्ये ग च्या आधी, कारण उच्चार आधी.

मराठीचा हा तक्ता मी घरच्या यंत्रावर पायथन भाषेत रचत होतो. कन्नड विभागातल्या एका मित्राने तो पाहिला आणि म्हणाला, आमच्याकडेही हेच दुखणे आहे. कन्नडात ‘वर्ग’ लिहिताना र चे चिन्ह ग च्या पुढे उजवीकडे काढतात, त्याला अर्कावत्तु म्हणतात. युनिकोडमध्ये तेही ग च्या आधीच जावे लागते. म्हणजे रफार हलवणारी माझी चार ओळींची युक्ती त्याच्या विभागाला जवळजवळ तशीच लागू पडली. कन्नडाची पहिली वेलांटी मात्र अक्षराच्या डोक्यावरच बसते, त्यामुळे त्याचे तेवढे काम वाचले. उलट तिकडे अक्षराखाली लोंबणाऱ्या जोडाक्षरांनी त्याला दोन महिने छळले. आजवर दोन्ही विभागांचे मिळून सहा अंक वाचता येण्याजोगे झाले आहेत. त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता लागली नाही की नवा लॅपटॉप लागला नाही. एक अख्खा अंक त्या साडेनऊशे रुपयांच्या यंत्रावर काही सेकंदांत उलगडतो.

हीच गंमत कळफलकाची. इन्स्क्रिप्ट नावाची कळांची मांडणी सरकारी इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८० च्या दशकात ठरवली आणि १९९१ च्या भारतीय मानकात ती आली. तिच्यात डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली क, मग लिपी देवनागरी असो वा कन्नड. लिनक्समध्ये या दोन्ही मांडण्या मूळच्याच असतात, दोन कळा दाबल्या की एकीतून दुसरीत जाता येते. दोन्ही लिप्यांचे लोहित फाँटही मुक्त आहेत. एका लिपीत हात बसला की दुसरी लिपी टंकित करायला बोटांना नव्याने काही शिकावे लागत नाही; डोळ्यांना लागते. आपल्या गावात पाट्यांवरून काय काय होते ते सर्वांस ठाऊक आहे, त्यात मी शिरत नाही. पण आपल्या दोन्ही विभागांचे संपादक एकाच कळफलकावर बसून आपापले अंक जुळवू शकतात, ही गोष्ट ठाऊक असलेले विद्यार्थी मला पाचही सापडले नाहीत.

असले उद्योग कोणी केलेच नाहीत असे नव्हे. शेजारच्या गोव्यात २००० सालच्या सुमारास परदेशातून वापरलेले संगणक आणून, त्यांवर लिनक्स बसवून ते शाळांना देण्याचा उपक्रम झाला होता. केरळच्या सरकारी शाळांत तर मुक्त सॉफ्टवेअर हाच नित्याचा मार्ग झाला आहे. आपल्याला शाळा चालवायच्या नाहीत. एक खोली चालवायची आहे.

प्रशासनाच्या शंका मी ऐकल्या आहेत. पहिली शंका रजिस्टराची: निर्लेखित वस्तू विद्यार्थ्यांच्या ताब्यात कशी द्यायची? ती निर्लेखित करूच नये. ‘प्रशिक्षणार्थ’ म्हणून एका विभागाकडून दुसऱ्या विभागाकडे वर्ग करावी. तशी नोंद जीवशास्त्र विभाग सांगाड्यांची करतोच. दुसरी शंका, भाग चोरीला जातील. दहा वर्षांपूर्वीची रॅम चोरून कोणी गब्बर होणार नाही, तरीही प्रत्येक यंत्राची यादी करून खोलीच्या दाराला लावावी. तिसरी शंका कोणी काढली नाही, म्हणून मीच काढतो. या एकतीस हार्ड डिस्कांवर आहे काय? काही यंत्रे कार्यालयातून आलेली आहेत. त्यांवर प्रवेशअर्ज, फोटो, आधार क्रमांक, गुणपत्रके, बँकेचे तपशील यांतले काय काय असेल ते देव जाणे. फाइल ‘डिलीट’ केल्याने ती जात नाही. तिचे नाव अनुक्रमणिकेतून खोडले जाते, मजकूर तसाच राहतो आणि साध्या प्रोग्रामाने परत मिळतो. आज ही यंत्रे वजनावर विकणे म्हणजे तुमच्या-माझ्या कागदपत्रांचे गठ्ठे रस्त्यावर ठेवणे आहे. लिनक्सच्या एका आदेशाने अख्ख्या डिस्कवर शून्ये लिहिता येतात; ५०० गिगाबाइटच्या डिस्कला दीड-दोन तास लागतात. एकतीस डिस्का आम्ही चार जण एका आठवड्यात स्वच्छ करून देऊ, आणि त्या करताना शिकूही. विक्री करायचीच असे ठरले, तरी हे काम त्याआधी व्हायलाच हवे. आणि जी यंत्रे उरतील, सुटे भाग काढूनही जी कामाची नसतील, ती भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत पुनश्चक्रण केंद्राकडे जावीत. देशात ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत आणि नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून. ते कोणी विचारणार नाही, हे खरे असले तरी.

मागणी फार नाही. जिन्याखालचीच खोली चालेल; तेथे एक खिडकी आहे, ती खिळे काढून उघडावी. दोन लांब टेबले भौतिकशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात पडून आहेत. विजेचे सहा प्लग, त्यांना नीट अर्थिंग, शनिवारी दुपारी दोन ते पाच खोलीची किल्ली, आणि सही करायला एक प्राध्यापक. कन्नड विभागातून सात आणि मराठीतून नऊ नावे माझ्याकडे आली आहेत. त्यांत वाणिज्य शाखेच्या तीन मुली आहेत, आणि त्यांपैकी एकीच्या घरी वडिलांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते, तिला डाग देता येतो. पेचकस आणि ब्रश आमचे आम्ही आणू.